सोळा टक्क्यांवरचे मेडिकल: जेनेरिक औषधांचे दरधोरण आणि तालुक्यातील एका दुकानाचा हिशेब

माझ्या थोरल्या बंधूंचे औषधांचे दुकान एका तालुक्याच्या गावी, ग्रामीण रुग्णालयाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. गावात त्याला कोणी दुकान म्हणत नाही, सगळे 'मेडिकल'च म्हणतात. दादा स्वतः नोंदणीकृत फार्मासिस्ट आहेत, वहिनी संध्याकाळी बिलांचे बघतात, हाताखाली एक मुलगा आहे, आणि दुकानाचे हिशेब गेली काही वर्षे मी पाहत आलो आहे. दुकानापासून दोनशे पावलांवर जनऔषधी केंद्र सुरू झाले, तेव्हा आम्हा दोघांपुढे एक साधा प्रश्न उभा राहिला: आहे तसे चालू ठेवायचे, आपणही केंद्र घ्यायचे, की दुकान चालवण्याची रीतच बदलायची? या प्रश्नाचे उत्तर शोधताना औषधांच्या दरांविषयीचे सरकारी धोरण कागदावर कसे आहे आणि काउंटरवर ते कसे उतरते, हे आम्हाला पहिल्यांदाच नीट समजले. पुढील मांडणीतील रकमा हिशेब समजावा म्हणून गोल धरल्या आहेत; कायद्यातील टक्केवारी आणि तारखा मात्र जशा आहेत तशाच दिल्या आहेत.

प्रथम 'जेनेरिक' या शब्दाविषयी सांगायला हवे, कारण बहुतेक गैरसमज त्यातच आहेत. आपल्याकडच्या मेडिकलमध्ये विकली जाणारी बहुतेक औषधे पेटंट संपलेलीच आहेत, म्हणजे शास्त्राच्या दृष्टीने ती जेनेरिकच आहेत. फरक असतो तो विकण्याच्या पद्धतीत. एक मार्ग कंपनीच्या ब्रँडचा. कंपनीचा एमआर, म्हणजे औषधांचा प्रचार करणारा प्रतिनिधी, डॉक्टरांना भेटतो आणि डॉक्टर ते नाव चिठ्ठीवर लिहितात. दुसरा मार्ग व्यापारात ज्याला नुसते 'जेनेरिक' म्हणतात त्याचा. त्यामागे एमआर नसतो, माल होलसेलरकडून थेट दुकानात येतो आणि दुकानदाराला फार स्वस्त पडतो. तिसरा मार्ग जनऔषधी केंद्राचा, जिथे सरकारी योजनेच्या वेष्टनात तेच औषध कमी छापील किमतीला मिळते. अंगरखे तीन असले तरी आतले मूलद्रव्य, म्हणजे गुण देणारे मूळ औषध, एकच असते. दादांच्या मागच्या मांडणीत मधुमेहाच्या मेटफॉर्मिनच्या ब्रँडच्या आणि जेनेरिकच्या स्ट्रिप्स शेजारी शेजारी असतात, आणि त्यांच्यातले अंतर हाच या साऱ्या प्रकरणाचा विषय आहे.

टक्केवारी कशावर

औषध किंमत नियंत्रण आदेश, २०१३ हा सध्या लागू असलेला आदेश. अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतील औषधांची कमाल किंमत राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरण, म्हणजे एनपीपीए, या आदेशाखाली ठरवते. २०२२ च्या यादीत अशी ३८४ औषधे आहेत. किंमत ठरवण्याचे सूत्र असे की, ज्या ब्रँडांचा त्या औषधाच्या बाजारातील वाटा एक टक्का किंवा त्याहून अधिक आहे, त्या सगळ्यांच्या दुकानदाराला पडणाऱ्या भावाची, म्हणजे पीटीआरची, साधी सरासरी काढायची आणि तीत दुकानदाराचे १६ टक्के मिळवायचे.

हे १६ टक्के ऐकायला जुनेच वाटतात, पण ते जुने नाहीत. १९९५ च्या आदेशात दुकानदाराला माल द्यायचा तो किरकोळ किमतीतून १६ टक्के वजा करून, असे होते. २०१३ च्या आदेशात हेच १६ टक्के दुकानदाराच्या खरेदीभावावर आले. शंभर रुपये किरकोळ किमतीच्या औषधावर पूर्वी १६ रुपये सुटत असत. नव्या सूत्राने तीच रक्कम १३ रुपये ७९ पैसे होते. आकडा बदलला नाही, त्याचा पाया बदलला. हा आदेश येण्याच्या सुमारास, १० मे २०१३ रोजी, देशभरातील औषध विक्रेत्यांनी दुकाने बंद ठेवली होती. तेव्हा वर्तमानपत्रांत तो 'व्यापाऱ्यांचा बंद' म्हणून आला आणि रुग्णांच्या गैरसोयीपलीकडे त्याची फारशी चर्चा झाली नाही. पाया बदलल्याची गोष्ट तर मीही कित्येक वर्षांनी, बिले समोर ठेवून बसलो तेव्हा समजून घेतली.

यादीबाहेरच्या औषधांची किंमत कंपनी ठरवते. बारा महिन्यांत छापील किमतीत दहा टक्क्यांहून अधिक वाढ करता येत नाही, एवढेच बंधन आहे. अशा ब्रँडेड औषधांवर दुकानदाराला वीस टक्के सोडण्याचा व्यापाराचा प्रघात आहे.

आता महिन्याला चार लाख रुपयांची विक्री धरू. तिचा एक तृतीयांश भाग यादीतील औषधांचा आणि उरलेला बाहेरच्या औषधांचा धरला, तर पहिल्यातून साधारण १८,४०० आणि दुसऱ्यातून ५३,३०० असे मिळून सुमारे ७१,७०० रुपये सुटतात. शहरातील साखळी दुकाने आणि मोबाईलवरून घरपोच औषधे देणाऱ्या कंपन्या सवलत देतात हे आता गावातही सर्वांना माहीत आहे, त्यामुळे बिल पाहताच गिऱ्हाईक दहा टक्के तरी मागतेच. चार लाखांवर दहा टक्के म्हणजे ४०,००० रुपये. उरले ३१,७००. यातून गाळ्याचे भाडे, हाताखालच्या मुलाचा पगार, वीजबिल, बँकेच्या कॅश क्रेडिटचे व्याज, मुदत संपून पडलेला माल आणि दोन माणसांचे बारा-चौदा तासांचे श्रम भागवायचे. गिऱ्हाइकाला दहा टक्के सवलत किरकोळ वाटते. दुकानदाराच्या हाती येणाऱ्या रकमेचा तो निम्म्याहून अधिक हिस्सा असतो.

या साऱ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट ही की, दुकानदाराचे उत्पन्न गोळीच्या किमतीला बांधलेले आहे आणि त्याचे काम मात्र किमतीला बांधलेले नाही. शंभराची स्ट्रिप उद्या साठ रुपयांना झाली तर तिच्यावर सुटणारे १३ रुपये ७९ पैसे ८ रुपये २८ पैशांवर येतात. पण चिठ्ठी वाचणे, डोस समजावणे, चिठ्ठीशिवाय न देता येणाऱ्या एच-वन वर्गातील औषध असेल तर वेगळ्या नोंदवहीत रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव लिहून ती वही तीन वर्षे जपणे, हे सारे तेवढेच राहते. इन्सुलिनचे उदाहरण घ्या. ते २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते. उन्हाळ्यात दुपारी वीज गेली की दादा जेवण अर्धवट टाकून दुकानात येतात, इन्व्हर्टरचा काटा पाहतात, आणि वीज लवकर येण्याचे चिन्ह नसेल तर कुप्या थर्मासच्या डब्यात बर्फाच्या पिशव्यांमध्ये, मध्ये पुठ्ठा घालून, रचून ठेवतात, कारण बर्फाला थेट लागून इन्सुलिन गोठले तरी ते वाया जाते. या पुठ्ठ्याची किंमत कोणत्याही सूत्रात नाही.

कट स्ट्रिपचेही तसेच आहे. सुटी औषधे प्रमाणशीर किमतीपेक्षा अधिक दराने विकता येत नाहीत, असे आदेशातच म्हटले आहे, आणि ते योग्यच आहे; ज्याच्याकडे चार गोळ्यांचे पैसे आहेत त्याने दहाचे का द्यावेत? बाजाराच्या दिवशी, म्हणजे आमच्याकडे मंगळवारी, शेतमजूर बायका दोन-दोन, चार-चार गोळ्याच नेतात. दादा कात्रीने स्ट्रिप अशी कापतात की बॅच नंबर आणि मुदतीची तारीख शिल्लक तुकड्यावर राहावी. तरीही उरलेल्या तुकड्यांचा डबा दर तीन महिन्यांनी भरतो, आणि कापलेली स्ट्रिप होलसेलर परत घेत नाही. दुकानात असलेले औषध गिऱ्हाइकाला नाकारता येत नाही, हेही त्याच आदेशात आहे. म्हणजे ज्या औषधावर काही सुटत नाही ते ठेवणे, कापून देणे आणि त्याचा उरलेला तुकडा सोसणे, या तिन्ही गोष्टी दुकानदाराच्या वाट्याला येतात.

दर बदलतो त्या दिवशी

ठोक किंमत निर्देशांकाप्रमाणे कमाल किमती दरवर्षी १ एप्रिलला सुधारल्या जातात. २०२२ मध्ये ही वाढ १०.७७ टक्के होती, २०२३ मध्ये १२.१२ टक्के, २०२४ मध्ये ०.००५५१ टक्के, म्हणजे जवळजवळ शून्य, आणि २०२५ मध्ये १.७४ टक्के. २०२३ च्या एप्रिलमध्ये रक्तदाबाची गोळी महागली म्हणून लोक दादांवर रागावले, कारण दर वाढवणारा कोणी त्यांच्यासमोर नव्हता, दादा होते. पुढच्या वर्षी गाळ्याचे भाडे वाढले आणि औषधांचे दर जागच्या जागी राहिले, तेव्हा विचारायला कोणी आले नाही.

याहून अवघड प्रसंग २२ सप्टेंबर २०२५ चा. त्या दिवशी १२ टक्के जीएसटी असलेली औषधे ५ टक्क्यांवर आली आणि काही जीवरक्षक औषधांवरील कर पूर्णपणे गेला. रुग्णाच्या दृष्टीने ही निःसंशय चांगली गोष्ट होती, ११२ रुपयांचे औषध १०५ रुपयांना झाले. जुन्या मालावर नवे लेबल लावलेच पाहिजे असे नाही, दुकानात नव्या दराने विक्री होईल याची खात्री कंपन्यांनी केली म्हणजे झाले, असे एनपीपीएने स्पष्ट केले होते. ही 'खात्री' म्हणजे प्रत्यक्षात कंपन्यांकडून येणाऱ्या दरपत्रकांचा ढीग. वहिनींनी चार रात्री बसून संगणकात एकेका औषधाचे दर बदलले.

पैशांचा प्रश्न त्यापुढचा. दुकानात साधारण दीड महिन्याचा माल असतो. तो १२ टक्के कर भरून घेतला होता आणि आता ५ टक्के लावून विकायचा होता, तेव्हा भरलेला जास्तीचा कर क्रेडिट म्हणून, म्हणजे पुढच्या करातून वजा करता येणारी रक्कम म्हणून, खात्यात शिल्लक राहिला. ते क्रेडिट बुडत नाही, हे खरे. पण ते वळते व्हायचे कशातून? महिन्याची खरेदी ५ टक्क्यांनी, विक्रीही ५ टक्क्यांनी, तेव्हा दरमहा भरावा लागणारा कर म्हणजे फक्त नफ्याच्या रकमेवरचे ५ टक्के. नफा खरेदीवर १६ टक्के धरला तर हे अडकलेले क्रेडिट पुरते वळते व्हायला अकरा-बारा महिने लागतात. २५ टक्के धरला, म्हणजे विक्रीवर वीस, तर सात महिने. मोठ्या कंपनीला हा कागदावरचा विलंब असेल. कॅश क्रेडिटवर माल भरणाऱ्या दुकानाला मात्र या काळाचे व्याज खिशातून जाते. दर कमी करताना तो भार दुकानांमधल्या मालावर पडू नये, अशी काही तरतूद करणे अशक्य नव्हते, असे मला आजही वाटते.

तीन वाटा

जनऔषधी केंद्राचा विचार आम्ही मनापासून केला. ही योजना २००८ मध्ये सुरू झाली, १०,००० वे केंद्र नोव्हेंबर २०२३ मध्ये झारखंडमधील देवघरच्या एम्समध्ये उघडले, आणि तिच्यामुळे लाखो घरांचा औषधांचा खर्च कमी झाला आहे हे मी अनेक ओळखीच्या घरांत पाहिले आहे. केंद्रचालकाला करपूर्व छापील किमतीवर २० टक्के मिळतात, आणि खरेदीच्या प्रमाणात, महिन्याला कमाल २०,००० रुपयांपर्यंत, प्रोत्साहनपर रक्कम मिळते. पण येथेही टक्केवारीच आहे. ८० रुपयांच्या ब्रँडेड स्ट्रिपवर २० टक्क्यांनी १६ रुपये सुटतात. १२ रुपयांच्या स्ट्रिपवर २ रुपये ४० पैसे. तेवढेच १६ रुपये मिळवायला सुमारे सात स्ट्रिप्स विकाव्या लागतील, आणि औषध स्वस्त झाले म्हणून गावात मधुमेही सातपट होत नाहीत. शिवाय एक केंद्र दोनशे पावलांवर असताना दुसऱ्याची गरज गावाला नव्हती. ती वाट आम्ही सोडली.

दुसरी वाट अनेक दुकानांनी धरलेली आहे: व्यापारी जेनेरिकची. ७० रुपये छापील किमतीची स्ट्रिप दुकानदाराला १२ रुपयांना पडते. हे कसे शक्य होते, याचे उत्तर वरच्या सूत्रातच आहे. यादीतील औषधाच्या कमाल किमतीत धरलेले १६ टक्के ही फक्त सूत्रातील संख्या आहे. सरकार बांधते ती छापील किंमत, दुकानदाराचा खरेदीभाव नव्हे. उत्पादकाने कमाल किमतीच्या आत राहून कितीही छापावे आणि दुकानदाराला कितीही कमी दराने द्यावे. यादीबाहेरच्या औषधांत तर छापील किमतीलाही तसे कुंपण नाही. म्हणजे एका बाजूला धोरण ब्रँडेड मालावरचा दुकानदाराचा हिस्सा शंभरामागे तेरा-चौदा रुपयांवर आणते आणि दुसऱ्या बाजूला १२ आणि ७० मधले ५८ रुपये त्याच्या पुढ्यात मोकळे ठेवते. ते कुणी किती घ्यायचे हे ज्याच्या त्याच्या सद्सद्विवेकावर सोडलेले आहे. जे ७० चे ७० घेतात त्यांचे मी समर्थन करणार नाही. पण त्यांना त्या दिशेने ढकलणारी रचना कोणी केली, हेही विचारले पाहिजे.

आणि मध्ये कायद्याचे दार आहे. औषध नियमांतील नियम ६५ (११ए) प्रमाणे एच किंवा एक्स अनुसूचीतील, म्हणजे चिठ्ठीवरच विकता येणाऱ्या, औषधाची चिठ्ठी असेल तर लिहिलेल्या औषधाऐवजी दुसरे देता येत नाही, मग त्यातील मूलद्रव्य तेच का असेना. एका मंगळवारी एक आजी हातात केंद्रातली स्ट्रिप आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आल्या होत्या. त्यांनी विचारले, "दादा, ही गोळी अन् चिठ्ठीतली गोळी एकच का रे? खरं सांग." दादांनी दोन्ही नावे वाचली, स्ट्रिपवरचे मूलद्रव्याचे नाव त्यांना बोटाने दाखवले आणि म्हणाले, "आजी, औषध एकच आहे, पण चिठ्ठीत लिहिलंय त्याच्या जागी दुसरं मी देऊ शकत नाही. डॉक्टरांना एवढं विचारा, की औषधाचं नाव लिहून द्या, कंपनीचं नको." आजी परत दवाखान्यात गेल्या की नाही, ते आम्हाला कळले नाही. डॉक्टरांनी शक्यतो जेनेरिक नावाने लिहावे ही अपेक्षा वैद्यकीय आचारसंहितेत जुनीच आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ती सक्तीची करणारे विनियम काढले आणि त्याच महिन्यात स्थगितही केले. डॉक्टरांचा दर्जाविषयीचा आक्षेप पोकळ नाही, प्रत्येक बॅच सारखी असेल याची हमी त्यांना हवी आहे. पण या साऱ्यात रुग्णाला स्वस्त औषध देऊ शकणारा आणि त्यातले शिक्षण घेतलेला माणूस काउंटरमागे हात बांधून उभा राहतो.

दादांनी तिसरी वाट काढली. रस्त्यापलीकडच्या दोन डॉक्टरांकडे ते जुन्या ओळखीने गेले आणि विनंती केली की, दीर्घकाळ चालणाऱ्या आजारांच्या चिठ्ठीवर, जिथे डॉक्टरांना योग्य वाटेल तिथे, मूलद्रव्याचे नाव लिहावे. आपण कोणत्या उत्पादकाचा माल ठेवतो ते सांगू आणि बॅचचा गुणवत्ता दाखला मागवून आणून दाखवू. एकांनी नम्रपणे नकार दिला. दुसऱ्यांनी आधी दाखले पाहिले, मग रक्तदाब आणि मधुमेहाच्या काही चिठ्ठ्या तशा लिहू लागले. आता अशी चिठ्ठी आली की दादा छापील किंमत बाजूला ठेवतात. खरेदीभावावर प्रत्येक स्ट्रिपमागे ठरलेले १५ रुपये घेतात, औषध १२ चे असो वा ३० चे. छापील किमतीहून कमी दराने विकायला कायद्याची आडकाठी नाही. १२ रुपयांची स्ट्रिप २७ रुपयांना जाते. ८० च्या ब्रँडवर सुटणाऱ्या १६ रुपयांच्या जवळपासच ही रक्कम आहे, आणि रुग्णाचे ५३ रुपये वाचतात.

हे करताना आम्हाला ठाऊक नव्हते, पण इंग्लंडमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेची औषधे देणाऱ्या दुकानांना चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधामागे ठरावीक शुल्क मिळते, आणि तिथले डॉक्टर बहुतेक औषधे जेनेरिक नावानेच लिहितात. तिथेही सगळे सुरळीत आहे असे नाही. निधी वर्षानुवर्षे गोठला आणि अनेक दुकाने बंद पडली. तरी गोळी स्वस्त झाली म्हणून ते शुल्क आपोआप घसरत नाही, हा फरक फार मोठा आहे. आपल्या आदेशात अशा शुल्काला जागाच नाही. सूत्रात टक्केवारीच्या जोडीला प्रति स्ट्रिप एक किमान रक्कम धरली, तर स्वस्त औषध ठेवणे दुकानदाराला तोट्याचे राहणार नाही आणि महाग औषधाकडे त्याचा कल राहण्याचे कारणही कमी होईल.

मात्र दादांची ही व्यवस्था दोन गोष्टींवर उभी आहे: एका डॉक्टरांच्या इच्छेवर आणि १२ व ७० मधल्या त्या मोकळ्या जागेवर. २०१९ च्या फेब्रुवारीत एनपीपीएने यादीबाहेरच्या ४२ कर्करोगविरोधी औषधांवर व्यापारी नफ्याची, विक्री किमतीच्या ३० टक्क्यांची, मर्यादा घातली आणि त्यांच्या किमती मोठ्या प्रमाणात उतरल्या. हजारो रुपयांच्या औषधांत ती फार मोलाची गोष्ट होती. हीच मर्यादा सरसकट सर्व जेनेरिकना लावावी अशी मागणी अधूनमधून होते. १२ रुपये हा कंपनीचाच भाव धरून त्या स्ट्रिपला ती लावली तर विक्री किंमत १७ रुपये १४ पैसे होईल, आणि ५ रुपये १४ पैशांत होलसेलर आणि दुकानदार या दोघांनी भागवायचे. रुग्णाचे आणखी दहा रुपये वाचतील आणि दादांच्या जेनेरिकच्या खालच्या दोन फळ्या रिकाम्या होतील, कारण ते औषध ठेवणे कोणत्याच मेडिकलला परवडणार नाही. मागच्या महिन्याच्या हिशेबात मूलद्रव्याच्या नावाने आलेल्या चिठ्ठ्यांसाठी वहिनींनी वेगळा रकाना आखला आहे. तो अजून अर्धेच पान भरतो.